व्रण आणि वण

शरीराला झालेल्या इजेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घाव, खोक, ओरखडा, वळ, चट्टा, जखम, व्रण, वण असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतो. त्यांपैकी 'जखम' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, तर 'व्रण' थेट संस्कृतातून. गंमत अशी की, संस्कृत वैद्यकग्रंथांत व्रण म्हणजे ओली, वाहती, उपचारांची वाट पाहणारी जखम. मराठी माणूस मात्र 'व्रण' म्हणतो तेव्हा जखम बरी झाल्यावर मागे उरलेली खूण त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्याच शब्दाचे प्राकृताच्या वाटेने झिजून आलेले रूप म्हणजे 'वण'. एकाच शब्दाने दुखण्याचे आणि दुखण्याच्या आठवणीचेही नाव व्हावे, हा भाषेचा अपघात नसावा. सुश्रुतसंहितेत या शब्दाची जी फोड दिली आहे तिचा आशय असा : जखम भरून आली तरी तिची जागा देह असेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून तिला व्रण म्हणावे.

वैद्यकाच्या इतिहासात दोन पक्ष दिसतात. जखम भरली, ताप उतरला, रोगी उठून चालू लागला की आपले काम संपले, असे मानणारा एक. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उरले आहे त्याचीही जबाबदारी आपलीच, असे मानणारा दुसरा. पहिल्या पक्षाची थोरवी आपण सारे जाणतो. जंतूंचा शोध, भूल, प्रतिजैविके यांच्या कथा शालेय पुस्तकांतूनही येतात. दुसऱ्या पक्षाची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आम्हांला ती सांगावीशी वाटते. धर्मग्रामातील घरोघरच्या भेटींत आम्हांला अशी माणसे भेटतात की, ज्यांना डॉक्टरांनी 'बरे झाले' असे कागदावर लिहून दिले आहे. स्टोव्हच्या भडक्यातून वाचलेली स्त्री त्यानंतर मिस्साला येते, पण पदर गालावर ओढून शेवटच्या बाकावर बसते. कानाच्या पाळीवर सुपारीएवढी गाठ वाढलेली तरुणी छायाचित्र काढताना मान वळवते. त्यांच्या दृष्टीने दुखणे संपलेले नसते.

सुश्रुताने हा दुसरा पक्ष फार लवकर आणि फार स्पष्टपणे मांडला. हा ग्रंथ एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला नाही. ख्रिस्तपूर्व काही शतकांपासून ख्रिस्तोत्तर काही शतकांपर्यंत त्यात भर पडत गेली असावी, असे अभ्यासक मानतात. त्यात सूजेपासून पूर्ण बऱ्या झालेल्या जखमेपर्यंत सात टप्प्यांचे उपचार सांगितले आहेत. सूज जिरवणे, रक्त काढणे, पोटीस बांधणे, चिरणे, शुद्ध करणे, भरून आणणे हे सहा झाल्यावर सातव्याचे नाव आहे 'वैकृतापह', म्हणजे जी विकृती मागे राहिली ती दूर करणे. चिकित्सास्थानाच्या आरंभीच जखमेवरचे साठ उपक्रम मोजले आहेत. त्यांत वर आलेली खूण खाली बसवणे आणि खोल गेलेली वर आणणे आहे. कठीण झालेली मऊ करणे आणि फार मऊ राहिलेली घट्ट करणे आहे. 'कृष्णकर्म' आणि 'पांडुकर्म' असेही दोन उपक्रम आहेत. नीट न भरल्यामुळे पांढऱ्या पडलेल्या खुणेला पुन्हा कातडीचा सावळा रंग आणणे हे पहिले. काळ्या पडलेल्या खुणेला उजळणे हे दुसरे. कृष्णकर्मासाठी बिब्बे गोमूत्रात आणि दुधात भिजवून त्यांचे तेल काढावे आणि त्यात जनावरांच्या खुरांची राख मिसळून लावावे, असे सांगितले आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या अंगावर बिब्बा उतलेला असेल त्यांना या औषधाच्या जहालपणाची कल्पना येईल! खुणेवर केस उगवावेत म्हणून हस्तिदंताची राख आणि रसांजन यांचा लेप सांगताना ग्रंथकाराने, याने तळहातावरही केस येतात, अशी ग्वाही दिली आहे. शास्त्रग्रंथातही जाहिरातीचा सूर असा मधूनच डोकावतो.

पण या गमतीमागची दृष्टी पाहावी. जखम 'सम्यक् रूढ' केव्हा म्हणावी, म्हणजे नीट भरली असे केव्हा ठरवावे, याची सुश्रुताची कसोटी कडक आहे. तोंड मिटलेले हवे, गाठ नको, सूज नको, वेदना नको. शिवाय ती जागा आजूबाजूच्या त्वचेच्या रंगाची आणि पातळीची हवी. शेवटच्या दोन अटी मरणाशी झुंजणाऱ्या रोग्याला लागू नाहीत. त्या जगणाऱ्या, लोकांत वावरणाऱ्या माणसासाठी आहेत. जखमी माणसाची खोली कशी असावी हे सांगताना त्याच ग्रंथात, मित्रांनी त्याच्याजवळ बसून गोड गोष्टी सांगाव्यात, असा सल्ला दिला आहे. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तो विशेष आवडतो.

पाश्चात्त्य जगात या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. तेथे जवळजवळ हजार-दीड हजार वर्षे वाद होता तो पुवाचा. गॅलेन या ग्रीक वैद्याच्या लेखनाचा आधार घेऊन पुढच्या पिढ्यांनी असे ठरवून टाकले की, जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण आहे. दाट, पांढरा, दुर्गंधीविरहित पू तर 'स्तुत्य' पू. मग तो होत नसेल तर मलमे भरून, वाती घालून तो मुद्दाम आणला जाई. पुवाने भरलेली जखम आतून वर भरत येते, तिला महिने लागतात, आणि मागे राहते ती रुंद, ओढलेली, कुरूप खूण. चांगली खूण हवी असेल तर जखमेच्या कडा जुळवून ती पू न होता मिटली पाहिजे, हे आज आपल्याला साधे वाटते. ते तेव्हा पाखंड होते.

हे वैद्यकीय पाखंड मांडणारा माणूस ख्रिस्तसभेचा महागुरू होता, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असावी असे आम्हांला वाटते. तेओदोरिको बोर्गोन्योनी हा इटलीतील लुक्का गावचा, डोमिनिकन संघाचा व्रतस्थ. तेराव्या शतकात तो प्रथम बितोंतोचा आणि नंतर चेर्वियाचा महागुरू झाला. पण त्याचे वास्तव्य बहुतांशी बोलोन्या नगरात होते आणि शस्त्रवैद्यक त्याने सोडले नाही. आपले गुरू उगो यांच्याकडून शिकलेली पद्धत त्याने चार भागांच्या ग्रंथात लिहून ठेवली. जखम मद्याने धुवावी, आत काही राहिले असेल तर काढून टाकावे, कडा एकमेकींना नीट भिडवाव्यात, वर कोरडी पट्टी बांधावी आणि मग निसर्गाला त्याचे काम करू द्यावे. पू होणे आवश्यक आहे असे म्हणणाऱ्यांएवढी चूक दुसऱ्या कोणी केली नसेल, अशा आशयाचे त्याचे मत आहे. अफू आणि इतर वनस्पतींच्या रसात बुडवून वाळवलेला स्पंज ओला करून रोग्याला हुंगायला द्यावा, म्हणजे त्याला झोप लागते, हेही त्याने लिहिले आहे. जंतू नावाची वस्तू कोणाला ठाऊक होण्यापूर्वी सुमारे सहाशे वर्षांची ही गोष्ट आहे.

येथे थोडे विषयांतर करून एका आरोपाचा विचार केला पाहिजे. 'ख्रिस्तसभेला रक्ताचा तिटकारा आहे', असे एक लॅटिन वचन ११६३ सालच्या तूर येथील धर्मपरिषदेच्या नावावर खपवले जाते, आणि त्यामुळेच मध्ययुगात शस्त्रक्रिया न्हाव्यांच्या हाती गेली, असे पुष्कळ पुस्तकांत छापले आहे. त्या परिषदेच्या ठरावांत हे वचन नाही. अभ्यासकांनी त्याचा माग काढला तेव्हा तो अठराव्या शतकातील केने या फ्रेंच शस्त्रवैद्य-लेखकापाशी येऊन थांबला. याचा अर्थ ख्रिस्तसभेने काहीच बंधन घातले नव्हते असा नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने उपदीक्षित, दीक्षित आणि धर्मगुरू यांना डागण्याची व कापण्याची शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, हे खरे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. आपल्या हातून रोगी दगावला तर वेदीवर उभे राहणाऱ्याच्या माथी मृत्यूचे पाप येऊ नये, ही त्यामागची चिंता होती. मनाई धर्मगुरूंना होती, शस्त्रक्रियेला नव्हती. त्या परिषदेनंतर अर्धे शतक लोटले असताना एका महागुरूने शस्त्रवैद्यकावर ग्रंथ लिहिला, यावरून काय ते समजावे.

तेओदोरिकोचा विजय मात्र झाला नाही. आंरी द मोंदव्हील या फ्रेंच शस्त्रवैद्याने त्याची पद्धत उचलली आणि तिच्यासाठी सहकाऱ्यांचे शिव्याशाप सोसले. पुढे १३६३ साली आव्हिन्यों येथील पोपमहोदयांचा वैद्य गी द शोलियाक याने आपला मोठा ग्रंथ लिहिला. तो दोनशे वर्षे युरोपभर प्रमाण मानला गेला, आणि त्यात मलमांना व वातींना पुन्हा मान मिळाला. शोलियाक हा प्लेगच्या साथीत रोग्यांना सोडून न पळालेला धीराचा माणूस. पण या बाबतीत त्याच्या अधिकाराने नुकसानच केले, असे आमचे मत आहे. थोर माणसाची चूक मोडायला थोरच काळ लागतो.

ती मोडण्यास पुढे ज्याने हातभार लावला त्या आंब्रुआज पारेला लॅटिन येत नव्हते. १५३७ साली तुरीनच्या स्वारीत हा तरुण शस्त्रवैद्य फ्रेंच सैन्याबरोबर होता. बंदुकीच्या दारूने जखमेत विष शिरते आणि ते उकळत्या तेलाने जाळले पाहिजे, असा तेव्हाचा नियम. त्या दिवशी जखमी इतके आले की तेल संपले. मग पारेने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मलम करून उरलेल्यांना लावले. रात्रभर त्याला झोप नाही. तेल न लावलेले सारे सकाळी विषाने मेलेले दिसणार, ही धास्ती. पहाटे उठून पाहतो तो मलमवाले शांत निजलेले, वेदना थोडी, सूज नाही. तेलवाले तापाने फणफणलेले आणि जखमांच्या कडा सुजलेल्या. १५४५ साली त्याने हे सारे फ्रेंच भाषेत, न्हाव्यालाही कळेल असे लिहिले. उपचार आपण केला, बरे मात्र देवाने केले, असे म्हणण्याची त्याची रीत प्रसिद्ध आहे.

पारेची दुसरी गोष्ट कमी प्रसिद्ध, पण आमच्या विषयाच्या अधिक जवळची. एका सरदाराच्या मुदपाकखान्यातला पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. औषधे आणायला गेलेल्या पारेला एका खेडवळ म्हातारीने सांगितले, कांदा मीठ घालून ठेच आणि भाजल्यावर लाव, फोड येणार नाहीत. त्याने ऐकले, आणि जेथे कांदा लागला तेथे फोड आले नाहीत. पुढे दारूच्या भडक्याने तोंड भाजलेला एक सैनिक आला, तेव्हा पारेने त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूला कांदा आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचे औषध लावून दोहोंची तुलना केली. एकाच माणसाच्या दोन गालांवर दोन उपचार करून पाहण्याची ही युक्ती आजही त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. आज औषधांच्या दुकानांत खुणा घालवण्यासाठी कांद्याच्या अर्काची मलमे मिळतात. त्यांचा गुण किती यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र भाजलेल्या अंगावर कांदा ठेचून लावण्याचे धाडस आमच्या वाचकांनी करू नये. शाई, टूथपेस्ट, पीठ, बर्फ यांपैकीही काही नको. वीसेक मिनिटे नळाचे थंड पाणी सोडणे आणि मग स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठणे, एवढेच घरच्यांचे काम.

आता पुण्याकडे वळू. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी एक पत्र आले. त्यातील हकीकत अशी. कावसजी नावाचा मराठी शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैलांचा हाकाऱ्या होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (कावसजी हे नाव पारशी वाटते, पत्रात मात्र त्याला मराठा कुणबीच म्हटले आहे.) वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

क्रिया अशी. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची. पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. या पट्टीतून रक्त वाहत राहते आणि सोललेली कातडी जिवंत राहते. सारे मर्म येथे आहे. मग नाकाच्या थोटकावरची जुनी, भरून गेलेली खूण खरवडून काढायची, म्हणजे तेथे पुन्हा ताजी जखम होते. कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि त्या जखमेत बसवायची. वर कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. विड्यातला हाच कात, त्याच्या तुरट गुणाने कडा आवळून धरतो. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकायची. पत्रलेखक पुढे सांगतो की, नवे नाक पक्के बसते, जवळजवळ मूळच्यासारखे दिसते, आणि काही काळाने कपाळावरची खूणही फारशी नजरेत भरत नाही.

सवाई माधवराव पेशव्यांचे आणि नाना फडणविसांचे चित्र ज्याने रंगवले त्या जेम्स वेल्सनेच १७९४ च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचे चित्र काढले. त्यावरून केलेला छाप मासिकात आला. कावसजीचे नाव जगाला कळले, डॉक्टरांची कळली, चित्रकाराचेही कळले. ज्याच्या हाताने नाक बसले त्या वीटभट्टीवाल्याचे नाव कोणी टिपून घेतले नाही. सुश्रुताने गालाची कातडी घेण्यास सांगितले आहे, याने कपाळाची घेतली. तेव्हा हे ज्ञान पोथीतून उतरवलेले नसून हातातून हातात आले आणि वाटेत सुधारले, असे म्हणावे लागते. नाक कापणे ही त्या काळी शिक्षाही होती आणि सूडही. माणूस जिवंत राहावा, पण तोंड दाखवण्यालायक राहू नये, हा तिचा हेतू. 'नाक कापले' हा वाक्प्रचार आपण आज हसत वापरतो. त्या शिक्षेवर उतारा जवळ बाळगणारा हा कारागीर आपल्या मुलखातला होता.

या पत्राने लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कारप्यू याला झपाटले. मृतदेहांवर सराव करून अखेर २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका सैनिकी अधिकाऱ्यावर ही क्रिया केली, आणि १८१६ साली दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इटलीत त्यापूर्वी दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत होती. तेओदोरिकोच्याच बोलोन्या नगरातील तालियाकोत्सी याने १५९७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि तेथील शवविच्छेदनगृहात हातात नाक धरलेला त्याचा लाकडी पुतळा आजही उभा आहे. पण दंड तोंडाला बांधून आठवडेच्या आठवडे बसणे कोणाला झेपणार? ती रीत मागे पडली. कपाळाच्या कातडीची 'भारतीय पद्धत' मात्र जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत याच नावाने अजून चालू आहे.

लिस्टरने १८६५ साली ग्लासगो येथे कार्बोलिक आम्ल वापरून पुवाचा पाडाव केला, आणि स्तुत्य पुवाचे स्तोत्र कायमचे थांबले. १८६९ साली रेव्हर्दें याने पॅरिसमध्ये त्वचेचे चिमटीएवढे तुकडे उघड्या जखमेवर रुजवून दाखवले. १९६२ साली जॉर्ज विंटर याने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून सिद्ध केले की, पातळ प्लास्टिकने झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी वाळू दिलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते. खपली धरली की बरे झाले, या आजीबाईंच्या समजुतीला त्याने धक्का दिला खरा. पण खेडोपाडी तो अजून पोहोचलेला नाही.

एका खुणेपुढे मात्र सुश्रुताचा बिब्बा आणि पारेचा कांदा दोन्ही हरले. देवीचे वण. आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत असा एखादा चेहरा असे, आणि लग्नाच्या बोलणीत त्याचा उल्लेख हळू आवाजात होई. यावर मलम सापडले नाही, रोगच गेला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, ती भारतातील पहिली. १९७५ साली देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. दंडावरच्या देवी टोचल्याच्या खुणा तेवढ्या आमच्या पिढीने जपल्या आहेत.

खूण म्हणजे शरीराने घाईत घातलेले ठिगळ. मूळ त्वचेतील कोलॅजनचे धागे जाळीसारखे विणलेले असतात; खुणेत ते एका दिशेने भराभर रचले जातात. वर्षभर, कधी त्याहून अधिक, शरीर ते मोडून पुन्हा बांधत असते, म्हणूनच लाल, कडक, खाजणारी खूण काळाने फिकट आणि मऊ होते. तरीही भरलेल्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपलीकडे जात नाही. काही वेळा शरीराला थांबायचे कळत नाही. मग खूण जखमेची हद्द ओलांडून पसरते. आलिबेर या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खेकड्याच्या नांगीवरून हिला 'केलॉइड' हे नाव दिले. सावळ्या वर्णाच्या लोकांत ती अधिक आढळते. कानाची पाळी, छाती आणि खांदा या तिच्या आवडत्या जागा. नुसती कापून काढली तर ती बहुधा पूर्वीपेक्षा मोठी होऊन परत येते, हे कान टोचण्याआधी घरच्यांनी लक्षात ठेवावे. आज तीत स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. भाजल्याच्या खुणांवर १९७० च्या दशकापासून घट्ट दाबाचे कपडे आणि १९८० च्या दशकापासून सिलिकॉनचे पापुद्रे वापरतात. हे उपाय महिनोन्‌महिने, दिवसाचे बहुतेक तास करावे लागतात. घरातले कोणी आठवण करून देणारे नसेल तर ते अर्ध्यावर सुटतात, हे आम्ही पाहिले आहे.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात एक प्रश्न घेतला आहे. पुनरुत्थित देहावर रक्तसाक्ष्यांच्या जखमांच्या खुणा राहतील काय? त्यांचे उत्तर असे की, तुटलेले अवयव परत मिळतील, पण खुणा राहतील, आणि त्या कुरूप दिसणार नाहीत. थोमाला दाखवलेले हात त्यांच्या मनासमोर असणारच. हे उत्तर आम्हांला प्रिय आहे. मात्र स्टोव्हने भाजलेल्या मुलीला ते ऐकवून तिचे उपचार टाळणाऱ्या सासरच्या माणसांचा आम्हांला राग येतो. स्वेच्छेने सोसलेली जखम आणि निष्काळजीपणाने लादलेली जखम यांत संताने गल्लत केली नव्हती.

मोठ्या भाजण्यात रोग्याची स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा मृत व्यक्तीची त्वचा तात्पुरते पांघरूण म्हणून उपयोगी पडते. ती पाणी व क्षार वाहून जाऊ देत नाही आणि जंतूंना अडवते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावे लागते. मांड्या, पाय आणि पाठ येथून अगदी पातळ थर घेतात आणि वर पट्टी बांधतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत, त्यामुळे अंत्यविधीत काही अडचण येत नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. नेत्रदानाचा अर्ज भरणारी कुटुंबे आमच्या धर्मग्रामात आहेत. त्वचादानाचे नाव काढले की तीच कुटुंबे दचकतात. पोप बारावे पायस यांनी १९५६ सालीच मृत देहातील नेत्रपटल दान करण्यास नैतिक आक्षेप नसल्याचे स्पष्ट केले होते, आणि जे डोळ्याला लागू ते कातडीला का नसावे?

स्वतःच्या मांडीची कातडी चेहऱ्यावर रुजली, तरी तिचा रंग भोवतालच्या रंगाशी सहसा जुळत नाही. कोठे ती काळवंडते, कोठे पांढुरकी राहते. सुश्रुताच्या कृष्णकर्म-पांडुकर्माचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काही रुग्णालयांत फिकट खुणेत सुईने कातडीच्या रंगाचे कण भरतात, म्हणजे एक प्रकारचे गोंदणेच. हा रंग काही वर्षांत फिका पडतो, आणि मग तो पुन्हा भरून घ्यावा लागतो.